दोन चिठ्ठ्यांच्या मधलं पुस्तक

शनिवार, २२ जानेवारी २०००. दुपारी तीन. स्थळ : कॉलेजचं ग्रंथालय.
हजर : १) गव्हाणे सर, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आजचे वक्ते. २ आणि ३) त्यांच्या वर्गातल्या दोन मुली. (वर्गात एकूण तिघी. तिसरी तुरीच्या काढणीमुळे गैरहजर.) ४) जब्बारभाई, जिल्दसाज. आले होते बांधायची पुस्तकं न्यायला, सरांनी बसवून घेतलं. ५) सटवाजी, ग्रंथालयाचा शिपाई. ६) मी, ग्रंथपाल.
विषय : उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञानातली नैतिक बांधिलकी आणि तिची जुनी मुळं.
निष्कर्ष :

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. मला याद्या करायची सवय आहे. सटवाजी म्हणायचा, मॅडमनं देवाला नवस केला तरी एक प्रत फायलीला लावतील. बाकी सगळ्या सभांच्या नोंदी माझ्या हातून पूर्ण झाल्या. या एका नोंदीत ‘निष्कर्ष’ या शब्दापुढची जागा आठ वर्षं मोकळी आहे. तिथं काय लिहावं ते मला कळलेलं नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा वाटलं, लिहिता लिहिता कळेल. बघू.

कॉलेजचं नाव देत नाही, कारण चूक माझी होती. हिंगोली जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं साधं कला महाविद्यालय, खाली अकरावी-बारावीही जोडलेली. तेव्हा जिल्हा नवा होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळं आमच्या बहुतेक पुस्तकांवर ‘जि. परभणी’ असाच शिक्का होता. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, अठरा कपाटं, चार टेबलं आणि दारापाशी माझं.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर वाचत बसणारी बाई. मी नोकरीच्या वेळेत पुस्तक उघडलं ते फाटलं आहे का हे बघायला. आमचं काम म्हणजे पुस्तक कुठं आहे हे कोणत्याही क्षणी सांगता येणं. त्यासाठी प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो. बाईचं नाव सासरी गेल्यावर बदलतं, पुस्तकाचा दाखल क्रमांक रद्दीत जाईपर्यंत बदलत नाही. पुस्तक नेताना देवघेव-वहीत एक सही आणि परत करताना दुसरी. दुसऱ्या सहीची चौकट रिकामी असेल तर पुस्तक तुमच्याकडेच आहे, मग ते प्रत्यक्षात कुठंही असो. या एका वाक्यावर माझी नोकरी उभी होती.

वाचक नाना तऱ्हेचे. एक गुरुजी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचत आणि खुनी पसंत पडला तरच पुस्तक नेत. एक बाई पुस्तक परत करताना ते कसं वाटलं हे न सांगता कोणाकोणाला कसं वाटलं हे सांगत, आणि त्या यादीत त्यांची सासूही असे. सगळ्यांना मी एकच नियम लावला. गावच्या पुढाऱ्याच्या मुलीलाही आणि सटवाजीच्या पुतण्यालाही. याचा मला अभिमान होता. आहे म्हणायला हवं, पण तिथंच गोंधळ सुरू होतो.

कॉलेज सोडताना विद्यार्थ्याला ग्रंथालयाचा दाखला लागतो, की याच्याकडे आमचं काही नाही. आमच्या भागात त्याला निजामाच्या काळापासून ‘बेबाकी’ म्हणतात. बेबाकीशिवाय टीसी नाही, टीसीशिवाय पुढे कुठं प्रवेश नाही. आणि बेबाकीवर सही माझी.

जून १९९८. बारावीचे निकाल लागले होते. अनुसया आडे बेबाकी मागायला आली. सेनगावच्या रस्त्याला, फाट्यापासून आत असलेल्या एका तांड्यावरची मुलगी. त्या तांड्यावरून बारावीपर्यंत आलेली ती पहिलीच. तिला डी.एड.ला जायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं, आणि मार्कही तेवढे होते. मी वही उघडली. तिच्या नावापुढं दाखल क्रमांक ४१७३, नीतिशास्त्रावरची अठ्ठेचाळीस पानांची पुस्तिका. नेल्याची सही होती. परत केल्याची नव्हती.

ती म्हणाली, “मॅडम, म्या फेब्रुवारीतच आणून दिलं. तुमी नव्हता. जीप निघून राहिली व्हती, म्हणून तुमच्या टेबलावर ठेवलं.”

मी म्हटलं, “ठेवणं म्हणजे परत करणं नव्हे.”

मी टेबल पाहिलं, कपाटं पाहिली, सटवाजीला शिडीवर चढवलं. पुस्तिका नव्हती. नियमात दुसरी वाट होती : पुस्तकाची किंमत भरायची आणि मोकळं व्हायचं. किंमत एका जीपच्या भाड्याइतकी. मी तिला ती वाट दाखवली. ती मान हलवत राहिली. “भरलं तर म्या हरवलं आसं व्हईल. म्या हरवलं न्हाई.”

ती चार वेळा आली. चारही तारखा माझ्याकडं लिहिलेल्या आहेत. चौथ्या वेळी नुसती टेबलासमोर उभी राहिली. मी खाली बघून काम करत राहिले. खोटं कशाला बोलू, मला ती खरं बोलतेय असं वाटत होतं. पण वाटण्यावर सही करता येत नाही. मी म्हटलं, “तुला एकटीला दिली तर उद्या बाकीच्यांना काय सांगू?” ती गेली. प्रवेशाची मुदत टळली. मी ४१७३ हा क्रमांक ‘अप्राप्त’ यादीत चढवला, आणि तो माझ्या डोक्यातही चढून बसला. घरी भाजी निवडतानासुद्धा आठवायचा.

आता २२ जानेवारीकडे येते. गव्हाणे सर विद्यापीठातला उजळणी वर्ग करून आले होते आणि नव्या विचारांनी भरून आले होते. तिघींच्या वर्गात ते मावेनात. म्हणाले, ग्रंथालयात चर्चा ठेवू. मी यादी केली, खुर्च्या लावल्या, चहा सांगितला.

सरांनी जे सांगितलं ते मला समजलं तेवढं लिहिते. जुन्या नीतिशास्त्रात आधी नियम येतो, मग कर्तव्य. कोणी म्हणालं, सगळ्यांनी तसंच वागावं असं तुम्हाला वाटेल तेच करा. आपल्याकडं म्हणाले, माणूस जन्माला येतो तोच देवांचं, ऋषींचं, पितरांचं ऋण घेऊन, ते फेडा. म्हणजे कुठंतरी हिशेब लागतो, एक दिवस फिटतो. उत्तर-आधुनिक म्हणवणाऱ्यांचा या मोठ्या मोठ्या व्यवस्थांवरचा विश्वास उडाला. का उडाला, तर युरोपात महायुद्धात ज्यांनी माणसं गाड्यांत भरून मारायला पाठवली, त्यांच्याकडं नियम होते.

“आणि याद्याही होत्या,” सर म्हणाले. “अगदी चोख याद्या. प्रत्येक नावापुढं क्रमांक.”

सटवाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी पेनाचं टोपण लावलं.

मग नियमाखाली काय उरतं? सरांनी एका फ्रेंच विचारवंताचं सांगितलं. तो स्वतः युद्धकैदी होता, घरची माणसं मारली गेली होती. तो म्हणतो, समोर माणूस येऊन उभा राहतो, त्याचा चेहरा दिसतो, तिथंच तुम्ही बांधले जाता. नियम वाचायच्या आधी. तुम्ही हो म्हणायच्या आधी. आणि ही बांधिलकी फिटत नाही. जितकी पाळाल तितकी वाढते.

मी विचारलं, “म्हणजे पूर्ण झाली अशी खूण कधी करायची?”

“करायचीच नाही, मॅडम.”

हे मला अजिबात पटलं नाही. जे काम पूर्ण होत नाही त्याला काम कसं म्हणायचं?

सर पुढं म्हणाले, हे नवं म्हणतात पण मुळं फार जुनी आहेत. या विचारवंताला ते यहुदी लोकांच्या जुन्या शिकवणीतून मिळालं. तिथं विधवा, पोरकं लेकरू आणि परका माणूस या तिघांचं नाव पुन्हा पुन्हा येतं, कारण यांच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं. यावर जब्बारभाई दारातून म्हणाले, “सर, आमच्यात अमानत म्हणतात. कोणी भरोशानं हातात ठेवलं, की मग ते तुमचं न्हाई अन् तुमाला सुटकाबी न्हाई. देणारा इसरला तरी तुमी इसरायचं न्हाई.” सटवाजी म्हणाला, त्याची माय दारात आलेल्याचं तोंड पाहून भाकर द्यायची, जात-गाव मागाहून विचारायची. कधी कधी विचारायचं राहूनच जायचं. मग एवढ्या लांब फ्रान्सपर्यंत काहून जायचं, असा त्याचा प्रश्न होता. सर हसले.

तेवढ्यात दोन मुलींपैकी एकीनं विचारलं, “सर, दोन माणसं एकदम समोर आली तर? कोणाचा चेहरा बघायचा?”

सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे. तिसरा माणूस आला की तुलना करावी लागते. तिथून न्याय सुरू होतो, नियम सुरू होतो.

मी ताठ झाले. म्हणजे माझा नियमही चेहऱ्यांतूनच आला की. जे वाचक समोर नाहीत, ज्यांना ते पुस्तक उद्या लागणार आहे, त्यांच्या वतीनं मी त्या टेबलाशी बसले होते. मग मी बरोबर होते. मी ‘निष्कर्ष’ असं लिहिलं आणि पुढं लिहायला पेन टेकवलं.

सरांना उदाहरण द्यायला नीतिशास्त्राचा जुना ग्रंथ हवा होता. सटवाजीनं कपाटातून आणून दिला, हिरव्या पुठ्ठ्याचा, जाडजूड. सर पानं उलटत गेले, मग म्हणाले, “मॅडम, हे शेवटी काय लावलंय? दुसरंच पुस्तक सुरू होतंय.”

मी बघितलं. जाड ग्रंथ संपल्यावर एक बारीक पुस्तिका त्याच जिल्दीत शिवलेली होती. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात ४१७३.

इथं बाहेरच्या माणसाला आमची एक रीत सांगायला हवी. बारीक पुस्तिका कपाटात टिकत नाहीत, मोठ्या पुस्तकांमागं सरकतात, कोणी खिशातही घालतं. म्हणून मीच पद्धत पाडली होती, की बारीक पुस्तिका त्याच विषयाच्या जाड पुस्तकाबरोबर एका जिल्दीत बांधायच्या. जब्बारभाईंना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. म्हणून मी टेबलावर थप्पी लावायचे आणि प्रत्येक जिल्दीनंतर कागदाची एक उभी चिठ्ठी घालायचे. दोन चिठ्ठ्यांच्या मधलं जे असेल ते एकत्र शिवायचं. बांधून आल्यावर मी जिल्दी मोजायचे, चिठ्ठ्या मोजायचे, आकडा जुळला की खूण करायचे. आतलं उघडून पाहत नव्हते. आकडा नेहमी जुळायचा.

फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्षअखेरची थप्पी त्या टेबलावर होती. अनुसयानं आपलं पुस्तक त्या थप्पीवर ठेवलं असणार, त्याच विषयाच्या पुस्तकावर, नीट, सरळ. नंतर मी येऊन वर पुढची चिठ्ठी घातली असणार. त्या दुपारी मी टेबलापाशी का नव्हते? त्या दिवसाच्या माझ्या वहीत एवढंच आहे : दोन ते तीन, कार्यालयात. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. मला आठवत नाही.

जब्बारभाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. “शिवण माझीच हाय. चिठ्ठीच्या आत व्हतं, बांधलं. गलत बांधलं का मॅडम?”

मी म्हटलं, “नाही. बराबर बांधलं.”

खरंच, कोणी काय गलत केलं होतं? तिनं परत केलं होतं. त्यांनी सांगितल्यासारखं बांधलं होतं. मी नियमाप्रमाणं वागले होते. नियम नको असं मी आजही म्हणत नाही. आणि एवढ्या सगळ्यातून एका मुलीचं शिक्षण गेलं होतं.

चर्चा तिथंच संपली. त्याच दिवशी मी बेबाकी लिहिली, सही केली, शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी रविवारी सटवाजीला घेऊन सेनगावच्या जीपनं फाट्यावर उतरले आणि तांड्यावर चालत गेले. अनुसया नव्हती. प्रवेश हुकल्यावर सहा महिन्यांत लग्न करून दिलं होतं, पुसदकडं. तिची आई सोनाबाई घरी होती. आमच्याशी मराठीत, आतल्या लेकींशी गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलत तिनं घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला, मी जेवून आले का ते दोनदा विचारलं. मी कशाला आले हे तिनं विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं, थप्पी, चिठ्ठी, जिल्द, क्रमानं. तिला ते कितपत कळलं कोण जाणे. शेवटी एवढंच म्हटलं, तुमच्या पोरीनं पुस्तक परत केलं होतं. ती खरं बोलत होती.

सोनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“म्या तिला मारलं व्हतं,” ती म्हणाली. “कणग्या उपसल्या, गोधड्या उसवल्या. सापडंना. मग म्हणलं, तूच कुटं तरी हरवलं आसंल, अन् मारलं. मॅडम खोटं कशाला बोलतील?”

मी कागद पुढं केला. तिनं घेतला नाही. “तिचं हाय ते. तिच्या हाती द्या.” मग माझ्याकडं वळून अगदी साधेपणानं विचारलं, “आता म्या काय करावं, सांगा. तुमी शिकलेल्या हाव.”

मी जीपची वेळ झाली असं म्हटलं. परत येताना सटवाजी म्हणाला, “मॅडम, चहात गूळ जास्त व्हता न्हाई?” मी हो म्हटलं.

सोमवारी गव्हाणे सरांना विचारलं, सर, आता माझं कर्तव्य नेमकं काय? क्रमवार सांगा. सर म्हणाले, “मॅडम, मी परवा अडीच तास बोललो. त्यात हे नव्हतं.” मला त्यांचा राग आला. नंतर वाटलं, निदान खोटं तरी बोलले नाहीत. पुढं विद्यार्थी नसल्यानं त्यांचा विषय बंद झाला आणि ते दुसरीकडं गेले.

व्यवस्थेत मी लगेच सुधारणा केली. परतीच्या पुस्तकांसाठी वेगळा, कुलपाचा पेटारा केला. जिल्द आली की पहिलं आणि शेवटचं पान उघडून बघायची रीत घातली. तेव्हापासून या कारणानं एकही पुस्तक हरवलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

दुसरी सुधारणा मात्र फसली. ठरवलं, इथून पुढं समोरच्याचा चेहरा बघायचा. एक मुलगा आला, पुस्तक परत केलंय म्हणाला, डोळ्यांत पाणी. मी बेबाकी दिली. दोन महिन्यांनी ते पुस्तक जब्बारभाईंना रद्दीवाल्याकडं दिसलं, त्यांनी उचलून आणलं. मुलगा तोवर पुण्याला गेला होता. तेव्हापासून मी पुन्हा वहीतली चौकट बघते. पण आता चौकट बघून झाल्यावर मान वर करते. यात कोणतं तत्त्वज्ञान बसतं ते मला ठाऊक नाही. बहुधा कोणतंच नाही.

राहिली बेबाकी. सटवाजीनं २००४ मध्ये बातमी आणली, की अनुसया पुसदच्या अलीकडं एका गावी अंगणवाडीत आहे, लेकरांना शिकवते. गावाचं नाव मी लिहून घेतलं. त्याच्या पुढच्या वर्षी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मी नांदेडहून परतत होते. गाडी कळमनुरीच्या स्टँडवर उभी राहिली आणि ती मला खिडकीतून दिसली. कडेवर लेकरू, हातात पिशवी. तिनं वर पाहिलं. ओळखलं की नाही सांगता येत नाही. बेबाकी पर्समध्येच होती, तांड्यावरून परतल्यापासून ती तिथंच असते. मी घड्याळ पाहिलं. कंडक्टरनं चार मिनिटं सांगितली होती. चार मिनिटांत खाली उतरून एक कागद देऊन परत चढता येतं, मी असली कामं आयुष्यभर वेळेत केली आहेत. मी उतरले नाही. काय म्हणायचं याची यादी मनात करत बसले, पहिलं हे, मग ते, आणि पहिल्यावरच अडले. गाडी सुटली.

सटवाजी निवृत्त झाला. जब्बारभाईंचं काम त्यांचा मुलगा बघतो, तो मराठी वाचतो, चिठ्ठ्या लागत नाहीत. हिरव्या पुठ्ठ्याची जिल्द मी उसवू दिली नाही. देवघेव-वहीत ४१७३ समोरची दुसरी चौकट अजून रिकामी आहे. तिथं सही वाचकाची लागते, ग्रंथपालाला करता येत नाही. आमच्या कागदांप्रमाणं ते पुस्तक आजही अनुसया आडेकडेच आहे.

दर जानेवारीला नवी वही काढते तेव्हा राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवते. या वर्षीच्या पानावर सात होती. सहा झाली. पुसदची गाडी सकाळी सव्वासातला सुटते आणि रविवारीही असते, हे मी स्टँडवर चौकशी करून सातव्या कामापुढं लिहून ठेवलं आहे.